सर्वांत जवळचा मार्ग

पल्याडच्या झाडाला रुळाचा हातभर तुकडा टांगलेला होता आणि शेजारी तारेनं बांधलेला एक जाड बोल्ट. ज्याला इकडे यायचं असेल त्यानं बोल्टनं रुळावर ठोकायचं, की नावाडी होडी सोडायचा. ठोकण्यावरून त्याला माणूस कळायचा. दूधवाला सारखा बडवत सुटायचा, जणू नदीला आग लागलीय. शाळेच्या बाई एकदाच ठोकायच्या आणि छत्री उघडून उभ्या राहायच्या. त्याची मुलगी दोन भरभर आणि मग थांबून एक. टण्‌टण्‌... टण्‌. तो ठोका ऐकला की नावाडी चहा अर्धा टाकून उठायचा.

पूर ओसरून पंधरा दिवस झाले होते. पाणी अजून गढूळ होतं आणि मधल्या धारेला ओढ होती. होडी आधी काठाकाठानं वर न्यायची, मग तिरपी सोडायची. उजव्या वल्ह्याची चामड्याची वादी झिजली होती, ती दर ओढीला कुरकुरायची.

"वादी बदल की आता," दूधवाला म्हणाला. दुधाचे दोन कॅन पायांत धरून तो पुढं बसला होता. "का मुलगी पदवी घेऊन आल्यावर ती नवी आणणार?"

"ती काय वाद्या आणायला शिकतेय?"

"मग कशाला शिकतेय? चष्मा तर आधीच लागलाय."

नावाडी हसला. मुलीला सगळं गाव चष्मेवालीच म्हणायचं. पाचवीत असताना ती याच होडीत पुस्तक नाकाला लावून बसायची. तेव्हा बाईंनी ओळखलं आणि तिला डोळे तपासायला नेलं. चष्मा लावून परत येताना मुलगी मधल्या धारेतच ओरडली होती, "बाबा, आपल्या घराला कौलं वेगवेगळी आहेत!"

पल्याडचा धक्का म्हणजे तीन चपटे दगड. पाण्यालगतचा शेवाळलेला.

"डावा पाय आधी. दगड निसरडा आहे," नावाडी म्हणाला.

"माहीत आहे हो," दूधवाला म्हणाला. सव्वीस वर्षं एकानं सांगायचं आणि दुसऱ्यानं हेच म्हणायचं असं चाललं होतं.

बाई छत्री घेऊन उभ्याच होत्या. त्या पल्याड राहायच्या आणि रोज अल्याडच्या शाळेत यायच्या. होडीत बसल्यावर त्या म्हणाल्या, "तुमच्या मुलीचा निरोप आहे. तुमचा फोन लागत नाही म्हणे."

"तो डब्यात असतो. पाणी लागतं."

"भत्त्याचे नियम बदललेत या वर्षापासून. सगळ्यांनी नवा फॉर्म भरायचाय, आणि पालकांनी स्वतः यायला पाहिजे."

नावाड्यानं दोन-तीन वल्ही मारली. "मी जाऊन काय करणार, बाई?"

"सही करायची. विचारतील ते सांगायचं. घाबरायचं काय त्यात?"

घाबरण्यासारखं खरंच काही नव्हतं. चार वर्षांचा अभ्यास होता, त्यातली दोन झाली होती. ती दोन वर्षं मुलीची वसतिगृहातली खोली आणि जेवण सरकारच्या भत्त्यातून चाललं होतं. तो बाहेरगावच्या सगळ्याच मुलांना मिळायचा. तिची प्रॅक्टिकलं संध्याकाळी सहाला सुटायची. होडीची शेवटची खेप दिवस मावळायच्या आत, आणि पुराचे चार महिने होडी बंद. घरून जाऊन-येऊन तिला जमण्यातलं नव्हतं, आणि भत्त्याशिवाय तिथं राहणंही जमण्यातलं नव्हतं.

*

कॉलेजच्या कचेरीत जायच्या दिवशी नावाड्यानं कॉलरचा निळा शर्ट घातला. पाय दगडानं घासले, तरी टाचांच्या भेगांतला गाळ निघाला नाही. कचेरीची फरशी पांढरी होती. तो दारातच चपला काढायला लागला तेव्हा मुलगी हळूच म्हणाली, "राहू द्या, बाबा. इथं कोणी काढत नाही." तोवर एक काढून झाली होती. ती त्यानं परत घातली.

मुलगी वाळली होती. डाव्या हाताच्या बोटांवर पिवळे डाग होते.

"हे काय?"

"आम्ल सांडलं. आठवड्यात जातो डाग." तिनं हात ओढणीखाली घेतला. "बाबा, विचारलं तरच बोला हं."

रांग मोठी होती. खिडकीपलीकडे एक तरुण कारकून होता. त्याच्या चहावर साय धरली होती. त्यानं मान वर न करता आई आहे का, नाही, भावंडं, नाही, व्यवसाय, असं एकेक विचारलं. मुलगी उत्तरं देत होती. नावाडी खिडकीच्या कडेला हात ठेवून उभा होता. आपला हात तिथं फार मोठा दिसतो असं वाटून त्यानं तो खाली घेतला.

"घर ते कॉलेज अंतर?"

मुलगी बोलायला गेली, पण हा सगळ्या कचेरीतला एकच प्रश्न नावाड्याला येत होता. सव्वीस वर्षं लोक त्याला काठावर विचारत आले होते, किती लांब हो? आणि तो सांगत आला होता, हे काय, इथंच. माणूस दमलेला असो, पोर रडत असो, वारा सुटलेला असो, तेवढं ऐकलं की तो होडीत पाय टाकायचा.

"लांब नाही, साहेब," नावाडी म्हणाला. "हे काय, इथंच. बसनं पाऊण तास, पुढं माझीच होडी. वीस मिनिटांत घरी."

"तुमची होडी? परवान्याची?"

"हो तर. फळी लावलीय धक्क्यावर." आणि त्यानं परवान्याचा नंबर तोंडपाठ सांगितला.

कारकुनानं बटणं दाबली. "एकोणीस किलोमीटर."

"एवढंच. कधी बस चुकली तर—"

"बाबा," मुलगी म्हणाली.

"चाळीसच्या आत राहण्याचा भत्ता नाही आता," कारकून म्हणाला. "रोज जाऊन-येऊन करायचं."

नावाड्याला आधी वाटलं, हे मागच्या कुणाला तरी सांगतोय. मुलगी खिडकीशी वाकली. "सर, प्रॅक्टिकल सहाला सुटतं. तोवर होडी बंद होते. आणि पुरात तर चार महिने—"

"मला कळतं ते. पण इथं रकाना एकच आहे. अंतर."

"मागच्या वर्षी नव्हतं विचारलं."

"मागच्या वर्षी नियम नव्हता."

"साहेब, ते पुसा की," नावाडी म्हणाला. "मी चुकून बोललो."

रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. कारकुनालाही हसू आलं. माणूस वाईट नव्हता. "काका, तुम्ही बोललात म्हणून थोडंच आहे? मार्ग नकाशात आहे, तुमचा परवाना आहे. तुम्ही गप्प राहिला असतात तरी एकोणीसच आलं असतं."

नावाड्याला ते पटलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही कधी नाही.

"खोली महिनाअखेरपर्यंत सोडायची," कारकून म्हणाला. "नंतर काही बदल झाला तर फेरतपासणीचा अर्ज असतो. पुढचे या."

बसथांब्यावर दोघं बाकावर बसले. मुलीनं चष्मा काढून ओढणीनं पुसला, परत पुसला.

"वर्षभर थांबते मग," ती म्हणाली. "घरी येते. बाई घेतील का मला शाळेत मदतीला?"

"थांबलेली माणसं परत जात नाहीत."

"जातात काही."

बस वळणावर दिसली. मग ती म्हणाली, "तुमच्यावर नाही रागावले मी."

"रागाव की."

"कशाला? खरं तेच सांगितलंत."

ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं त्याला बसमध्ये सगळा वेळ वाटत राहिलं.

*

मंगळवारी होडीत दोनच माणसं होती. शाळा सुटल्यावर परत निघालेल्या बाई, आणि पट्टीवाली मावशी. मावशीच्या पोटरीला जुनी जखम होती. दर मंगळवारी ती पल्याडच्या दवाखान्यात पट्टी बदलायला जायची. होडीत चढताना नावाडी तिला काखेत धरून उचलायचा, आणि ती दर वेळी म्हणायची, "लग्नात नवऱ्यानं नाही उचललं असं."

बाईंनी पिशवीतून एक कागद काढला. "भत्त्याचं परिपत्रक मिळालं. काही वाट आहे का बघते." त्या मोठ्यानं वाचायला लागल्या. अर्धी वाक्यं नावाड्याच्या डोक्यावरून गेली. "...अंतर मोजताना निवासस्थानापासून महाविद्यालयापर्यंतचा सर्वांत जवळचा मार्ग धरावा. त्यात नोंदणीकृत जलमार्ग चालू असल्यास तोही..."

बाई थांबल्या. पुढं अजून चार ओळी होत्या, पण त्यांनी कागदाची घडी घातली.

"पुढं?" नावाडी म्हणाला.

"पुढं काही नाही. सह्या आहेत."

वादी कुरकुरत होती. मधली धार आली, गेली. नावाडी बाईंकडे न बघता म्हणाला, "चालू नसला तर?"

बाईंनी छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरली. त्यांनी लगेच उत्तर दिलं असतं तर ते नुसतं शिक्षिकेनं नियम सांगण्यासारखं झालं असतं. पण त्यांनाही याच होडीतून रोज यायचं होतं. निवृत्तीला तीन वर्षं होती आणि घरी अंथरुणाला खिळलेली आई होती.

"मग वरच्या पुलावरून," शेवटी त्या म्हणाल्या. "एकसष्ट."

"काय ग बाई?" मावशीनं विचारलं. तिला कमी ऐकू यायचं.

"काही नाही, मावशी. हिशोब करतोय," बाई म्हणाल्या.

धक्का आला. नावाड्यानं मावशीला उतरवलं. "डावा पाय आधी," तो म्हणाला. दगड निसरडा आहे, हे म्हणायचं राहून गेलं.

*

नदीखात्याच्या कचेरीत एकच साहेब होता. परवाना बघून त्यानं विचारलं, "सोडायचा का?"

"खांदा गेला, साहेब. उजवा."

"दुसरा कोणी आहे गावात चालवणारा?"

"नाही. तरणी माणसं बाहेर गेली."

"मग नवी नेमणूक व्हायला दोन वर्षं तरी जातील. लोक बोंबलतील तुमच्या नावानं."

"दोन नक्की?"

साहेबानं त्याच्याकडे नीट पाहिलं. "कमी नाही," तो म्हणाला आणि शिक्का मारला. "फळी काढून इथं जमा करा. होडी पाण्याबाहेर, उलटी. माझा माणूस येऊन बघेल. पाण्यात दिसली तर परवाना चालू धरतात, लक्षात ठेवा."

फळी काढताना खिळे गंजलेले निघाले. फळीखालचं लाकूड पांढरं राहिलं होतं. ती त्यानं पोत्यात गुंडाळून बसनं नेली, आणि पोचपावती फोनच्या डब्यात ठेवली.

होडी वर ओढायला सहा माणसं लागतात. ती गावातूनच बोलवावी लागणार होती. नावाडी दारोदार गेला. खांदा गेला, असं प्रत्येक दारात म्हणाला. लोक हळहळले. एकानं चोळायला तेल दिलं. दुपारी सगळे काठावर जमले, चार ओंडके आडवे टाकले, दोर लावला.

होडी चिखलात रुतून बसली होती. दोन हिसक्यांत ती हलली नाही. तिसऱ्याला नावाडी दोराला झोंबला. सवयच ती, होडी अडली की अंग आपोआप पुढं जायचं. उजवा खांदा दोराखाली घालून त्यानं असा काही रेटा दिला की होडी एकदम सुटली आणि दोघं जण मागच्या मागं पडले.

हसू झालं. मग ते हळूहळू विझलं.

दूधवाल्यानं हातातला दोर खाली टाकला. "खांदा गेला म्हणालास."

नावाड्यानं खांद्यावरचा दोर काढला.

"चष्मेवालीच्या भत्त्याचं ऐकलं होतं मी बसमध्ये. चाळीसच्या पुढं पाहिजे म्हणे." तो आवाज न चढवता बोलत होता. "म्हणजे तिला लांब करायला आम्हाला सगळ्यांना लांब केलंस. माझं दूध पुलावरून जाईपर्यंत दही होईल, ते विकू?"

"दोनच वर्षं," नावाडी म्हणाला.

"खरं सांगून बघायचं होतंस."

"तू काय म्हणाला असतास?"

दूधवाल्यानं विचार केला. "नाही म्हणालो असतो," तो म्हणाला. मग वाकून त्यानं दोर परत उचलला. "चला रे, आता अर्ध्यात सोडून काय उपयोग. उलटी करू."

होडी पालथी झाली तेव्हा तिच्या पोटाला चिकटलेलं शेवाळ आणि शिंपले उन्हात आले. दुसऱ्या दिवसापर्यंत त्यांचा वास येत होता. तेल देणाऱ्यानं संध्याकाळी बाटली परत मागितली.

मावशी तिच्या दारात स्टुलावर पाय ठेवून बसली होती. नावाडी तिच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"मावशी, मंगळवारचं—"

"मला त्याच दिवशी कळलं होतं होडीत," मावशी म्हणाली. "एवढं काही कमी ऐकू येत नाही मला."

"पट्ट्या मी आणत जाईन. पुलावरून."

"आणशील. बांधणार कोण?"

"मी बांधेन."

मावशीनं नदीकडे पाहिलं. "बरं," ती म्हणाली. एवढंच.

*

नावाडी आता लाकडाच्या वखारीत ओंडके रचायला जायचा. मंगळवारी सुट्टी घ्यायचा, पहाटेच्या बसनं पुलावरून जाऊन दिवस कलताना पट्ट्या घेऊन यायचा. मावशीची जुनी पट्टी तो कोमट पाण्यानं भिजवून सोडवायचा. पहिल्या दोन वेळेला त्यानं ती घट्ट बांधली. मावशी म्हणाली, "होडी नाही बांधायची, पाय आहे."

बाईंनी महिनाभराची रजा टाकली. रजा संपल्यावर काय, ते त्यांनाही माहीत नव्हतं. शाळेच्या दाराला कुलूप होतं आणि मुलं त्या कुलपाला खडे मारायची.

सकाळचा वेळ सगळ्यात वाईट जायचा. सव्वीस वर्षं सकाळी माणसं आपण होऊन त्याच्याकडे आली होती. कुणाची गाय व्याली, कुणाचं कुणाशी फाटलं, सगळं त्याला होडीत बसून कळायचं. त्याला कधी कुणाच्या दारी जावं लागलं नव्हतं, त्यामुळं जावं कसं ते त्याला येत नव्हतं. तो पालथ्या होडीवर बसून चहा प्यायचा. गल्लीतून जाणारे लोक त्याला बघून मान हलवायचे आणि चालत राहायचे. दूधवाला सायकलला कॅन बांधून वरच्या रस्त्यानं जायचा, खाली बघायचा नाही.

कधीतरी पल्याड रूळ वाजायचा. कुणी परगावचा माणूस असायचा, त्याला माहीत नसायचं. तो ठोकायचा, थांबायचा, परत ठोकायचा. नावाडी हात मांड्यांखाली दाबून बसून राहायचा. मग तो माणूस निघून जायचा, आणि नावाड्याला उगाच वाटायचं की त्याचं तोंड ओळखीचं होतं.

खात्याचा माणूस आला त्या दिवशी दूधवाला काठावर म्हशी धूत होता.

"होडी चालते का अधूनमधून?" त्या माणसानं दूधवाल्याला विचारलं. "खरं सांगा. तक्रार असेल तर लिहून घेतो."

नावाडी चार पावलांवर उभा होता. दूधवाल्यानं म्हशीच्या पाठीवर पाणी मारलं.

"पालथी पडलीय," तो म्हणाला. "पालथी होडी चालते का तुमच्याकडे?"

माणसानं लिहून घेतलं आणि गेला. नावाडी म्हणाला, "उपकार झाले."

"तुझ्यासाठी नाही बोललो," दूधवाला म्हणाला आणि म्हशीची दुसरी बाजू धुवायला वळला.

मुलीला त्यानं फेरतपासणीचा अर्ज भरायला सांगितलं होतं. बाई म्हणतात म्हणून भर, एवढंच. बाकी फोनवर तो म्हणायचा, खांदा दुखतो, खेपा कमी केल्यात. तिकडे ओंडके उचलून उचलून त्याचा उजवा खांदा खरोखरच धरला होता.

*

शनिवारी वखार अर्धा दिवस होती. नावाडी घरात भात टाकायच्या बेतात होता, तेवढ्यात रूळ वाजला.

टण्‌टण्‌... टण्‌.

तो हातातलं भांडं घेऊनच बाहेर आला. पल्याड झाडाखाली एक लहानशी आकृती होती, खांद्याला निळी पिशवी. तिनं हात वर केला. मग परत ठोकलं. नावाडी उतारावरून धावत पाण्यापर्यंत गेला, आणि पाण्यापाशी गेल्यावर थांबला.

घरात डब्यात फोन वाजत होता. तो परत चढून गेला, फोन घेऊन खाली आला, पालथ्या होडीला टेकून उभा राहिला. त्याला धाप लागली होती.

"बाबा, होडी उलटी का आहे?" मुलीचा आवाज कानात होता आणि ती तिकडे, बोटाएवढी. "डांबर लावताय?"

"तू कशी आलीस?"

"सांगायला आले! यादीत नाव आलं, बाबा. भत्ता मिळाला, राहिलेल्या दोन्ही वर्षांचा. कारकून म्हणाला, फेरतपासणीत अंतर बदललं, आता एकसष्ट..."

ती थांबली. फोनमध्ये वारा वाजत होता, तिकडचा. इकडे वारा नव्हता.

"बाबा."

"हं."

"एकसष्ट कसं झालं?"

आकृतीनं मान वळवलेली त्याला दिसली. धक्क्याच्या खांबाकडे, जिथं फळी असायची.

"परवाना परत केला," नावाडी म्हणाला.

"कधी?"

"झाला महिना."

"मला म्हणालात खांदा दुखतोय."

"दुखतोय. ते खोटं नाही."

"मला विचारायचं तरी!"

"तू नको म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं!" तिचा आवाज फोनमध्ये फाटला आणि क्षणभरानं तोच आवाज पाण्यावरून, शब्दांशिवाय, नुसता हाळीसारखा त्याच्यापर्यंत आला.

"बाई कशा येतात मग?" तिनं विचारलं.

"येत नाहीत."

"आणि मी? मी कशी येऊ घरी?"

"पुलावरून. मोठ्या सुट्टीत ये. एका रविवारात नाही व्हायचं."

मग ती एकदम लहान आवाजात म्हणाली, "आजच्यापुरती काढा ना. एकच खेप. आता यादी लागलीय. कोण बघतंय?"

नावाड्यानं मागं वळून पाहिलं. वरच्या रस्त्यावर कुणी नव्हतं. दूधवाल्याचं दार लोटलेलं होतं. मावशी मात्र रोजच्यासारखी दारात बसली होती, पाय स्टुलावर, तोंड नदीकडे. मंगळवारी बांधलेली पट्टी अजून पांढरी दिसत होती.

"उतरवायला सहा माणसं लागतात," तो म्हणाला.

"मी करते फोन. दूधवाल्याकाकांना सांगते, ते नाही म्हणणार नाहीत."

"म्हणूनच नको." त्यानं फोन दुसऱ्या कानाला लावला. "मावशीला मी नाही म्हटलंय. तिच्या दारावरून तुला कसं आणू?"

पल्याडच्या आकृतीनं पिशवी खांद्यावरून खाली उतरवली.

"बरं," मुलगी म्हणाली.

तिची आई हा शब्द असाच म्हणायची.

"बस किती वाजता?"

"साडेपाचला."

"मग बस तिथंच. मी पण बसतो."

ती दगडावर बसली. तो होडीच्या कण्यावर बसला.

"काही खाल्लंस?"

"हो."

"खोटं."

"तुम्ही तरी कुठं खाल्लंय? हातात भांडं आहे तुमच्या." मग थोड्या वेळानं, "निळा शर्ट घातलाय ना?"

"हो."

"दिसतोय."

तिनं प्रॅक्टिकलचं सांगितलं. नळीतलं पाणी रंग बदलतं ते नेमक्या कुठल्या थेंबाला बदललं ते ओळखायचं असतं, आणि तिला ते सगळ्यांत चांगलं जमतं, असं सर म्हणाले. त्याला त्यातलं फारसं कळलं नाही. तो हं हं म्हणत राहिला. मग तिच्या फोनची बॅटरी संपत आली. ठेवू का, ती म्हणाली. ठेव, तो म्हणाला. दोघांनी फोन ठेवले आणि दोघं तशीच बसून राहिली. मधून एक पक्षी पाण्यावरून खालून खालून गेला. ऊन होडीवरून सरकून त्याच्या पायांवर आलं, मग पायांवरूनही गेलं.

पाचच्या सुमाराला ती उठली. दगडांवरून खाली पाण्यापर्यंत आली, वाकून तोंड धुतलं, चष्मा धुतला, तो ओढणीला पुसून लावला आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं. मग वर जायला वळली. शेवाळलेल्या दगडावरच होती ती.

नावाडी उठून उभा राहिला.

"डावा पाय आधी!" तो ओरडला. "दगड निसरडा आहे!"

एवढं पाणी ओलांडून शब्द पोचणं शक्य नव्हतं. मुलीनं पिशवी खांद्यावर नीट घेतली, खाली दगडाकडे पाहिलं, आणि डावा पाय आधी टाकला.